गोडी शेवटी, परवाना आधी

चहात साखर किती घालायची यावर घरात कधी एकमत झालंय का? आजोबांना गुळाचा दाट गोड लागतो, सुनेला बेताचा, आणि डॉक्टरांनी दटावलेल्या काकांना बिनसाखरेचा. चूल एक, पातेलं एक, पण प्रत्येकाच्या कपाची गोडी वेगळी. म्हणून शहाणी गृहिणी काय करते? चहा उकळते आणि साखर वरून देते. आजचा आमचा विषय या साध्या गोष्टीत आहे. फक्त कपातला पदार्थ चहा नसून मधापासून आंबवलेलं पेय आहे. जगात त्याला 'मीड' म्हणतात. आपल्याकडे मधाची वाइन म्हणा.

संपादकीयात हा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. कारण असं, की गेल्या काही वर्षांत मधपेट्या ठेवणारी तरुण मुलं वाढली आहेत. मोबाइलवर परदेशातल्या चित्रफिती बघून ती विचारतात, "घरी करून बघायला काय हरकत आहे? गोड जास्त करायची असली तर मध कधी घालायचा?" प्रश्न दोन आहेत आणि दोन्हींची उत्तरं सरळ आहेत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी ती करता येत नाही. आणि जिथे करता येते तिथे गोडी शेवटी घालतात, तीही खमीर पुरते थांबल्याची खात्री करून. ही दोन्ही उत्तरं समजून न घेता कुणी कोठीत बाटल्या भरून ठेवल्या, तर एक गुन्हा होईल आणि दुसरा अपघात. म्हणून बोलणं भाग आहे.

मध का आंबतो, कधी थांबतो

मध आणि आंबणं हे तुम्हा मधपाळांना नवीन नाही. पाऊस तोंडावर आला म्हणून घाईने, पोळ्याची घरे मेणाने बंद होण्याआधी मध काढला, तर तो पातळ राहतो. महिना-दोन महिन्यांत बरणीच्या तोंडाशी फेस येतो, झाकण फुगतं, आंबूस वास सुटतो. आपल्याकडच्या अन्नमानकात मधाचा ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा लागतो, तो याचसाठी. मध जितका दाट, तितकं त्यात खमिराच्या जिवांना वाढणं अवघड जातं. पाणी वाढलं की ते जागे होतात.

मीड करणारा हेच मुद्दाम करतो. मधात भरपूर पाणी घालतो, खमीर सोडतो आणि भांड्याचं तोंड असं बांधतो की आतला वायू बाहेर पडेल पण बाहेरची हवा आत येणार नाही. खमीर साखर खातं. त्यातून मद्यार्क आणि कर्बवायू तयार होतो. हिशेब बघा. मधात सुमारे ८० टक्के साखर असते. १ किलो मधात पाणी घालून एकूण ४ लिटर केलं, तर लिटरमागे साधारण २०० ग्रॅम साखर होते. लिटरमागे १७ ग्रॅम साखर संपली की जवळपास १ टक्का मद्यार्क होतो. म्हणजे सगळी साखर संपली तर साडेअकरा-बारा टक्के. तेव्हा त्यात मधाचा वास राहतो, गोडी मात्र जाते. पहिल्यांदा चाखणारा म्हणतो, "मध घातला आणि गोड कसं नाही?" गोडी खमिराने खाल्ली, दुसरं काय!

आता गोड हवं असेल तर नवखा काय करतो? सुरुवातीलाच दुप्पट मध ओततो. वाटतं, उरेल तेवढा गोडवा. पण दाट पाकात खमीर अडखळतं, अर्ध्यावर बसतं, आणि उन्हाळा लागला की पुन्हा उठतं. किती खाईल आणि कुठे थांबेल हे आधी सांगता येत नाही. गूळ करताना काहिलीतला पाक कुठे उतरवायचा हे गुळव्या ठरवतो, काहील ठरवत नाही. इथे मात्र उतरवण्याची वेळ खमिराच्या हाती जाते. सुरुवातीला घातलेली गोडी ही अशी बेभरवशाची.

चार पेल्यांची परीक्षा

जिथे घरगुती मीडला कायद्याने मुभा आहे, तिथले जाणते लोक उलटा मार्ग धरतात. आधी आंबवण पूर्ण होऊ द्यायचं. हायड्रोमीटर नावाची काचेची तरंगती नळी असते. दूध भेसळीचं आहे का हे बघायला डेअरीवर वापरतात त्याच जातीची. तिचं माप दोन-तीन आठवडे हललं नाही तर साखर संपली असं धरतात. मग गाळ खाली बसू देतात, वरचं निवळ दुसऱ्या भांड्यात काढतात. त्यानंतर खमिराला कुलूप घालतात. पोटॅशियम सॉर्बेट आणि मेटाबायसल्फाइट ही दोन परिरक्षकं अन्नमानकाने ठरवलेल्या मर्यादेत घालतात. सॉर्बेट खमिराला मारत नाही, फक्त त्याची पिलावळ वाढू देत नाही. म्हणून ते गढूळ, चालू आंबवणात घालून उपयोग नसतो. ते निवळलेल्यात घालायचं असतं. एकटं सॉर्बेटही चालत नाही, कारण काही जंतू त्याच्यापासून जिरेनियमच्या पाल्यासारखा उग्र वास काढतात. काहीजण औषध नको म्हणून बाटल्या ६०-६५ अंशांच्या गरम पाण्यात ठेवून खमीर मारतात. त्यात सुवास थोडा जातो.

आणि मग येते जिभेची पाळी. चार पेल्यांत १००-१०० मिलिलिटर घ्यायचं. एकात १ ग्रॅम मध, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ४. म्हणजे लिटरला १०, २०, ३० आणि ४० ग्रॅम. एक पेला कोराही ठेवायचा, ताडून बघायला. आवडेल त्या पेल्याचं प्रमाण धरून सगळ्या भांड्याचा हिशेब करायचा. यात दोन गोष्टी अनुभवी माणसं सांगतात. एक, चाखत गेलं की जीभ गोडीला सरावते आणि हात सैल सुटतो, म्हणून वाटेल त्यापेक्षा थोडं कमीच घालावं. घातलेलं काढता येत नाही. दुसरं, गोडी एकटी कधी कळत नाही. आंबटपणा असेल तर तीच गोडी कमी लागते, आणि पेय थंडगार असेल तरीही. सरबतात लिंबू पिळलं की साखर कमी वाटते, तसंच हे. प्रत्येक वेळी मध वाढवणं हाच उपाय नसतो. कधी गुळमट झालेल्याला आंबटाची जोड लागते.

आता अपघाताचं. हा परिच्छेद कुणी गाळू नये. खमिराला कुलूप न घालता कुणी लिटरभर मीडमध्ये २५ ग्रॅम मध घालून बूच मारलं, तर आत २० ग्रॅम नवी साखर गेली. बंद बाटलीत लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे हा दाब पाच वातावरणांपर्यंत गेला. मोटारीच्या चाकात हवा असते तिच्या दुपटीहून अधिक! फ्रान्समधली शॅम्पेन पाच-सहा वातावरणांचा दाब धरते, पण तिची बाटली मुद्दाम जाड काचेची केलेली असते आणि बूच तारेने जखडलेलं असतं. आपल्या घरातली सरबताची किंवा रिकामी झालेली बाटली त्यासाठी नसते. ती फुटते तेव्हा काच खोलीभर उडते. चिमूटभर गोडीपायी कुणाचा डोळा जायचा. पोरंबाळं फिरत असलेल्या घरात हा खेळ नको.

पोलंडचं माप, इथिओपियाचा कडूपणा

ही विद्या जगात जुनी आहे. पोलंडमध्ये मीडची प्रतवारीच मध आणि पाण्याच्या प्रमाणावर ठरते. एक भाग मधाला अर्धा भाग पाणी, एकास एक, एकास दोन आणि एकास तीन अशा चार प्रती आहेत. युरोपीय संघाने २००८ मध्ये या चारही नावांची पारंपरिक पदार्थ म्हणून नोंद केली. सर्वांत गोड आणि दाट प्रत किमान तीन वर्षं मुरवावी लागते, सर्वांत हलकी नऊ महिने. सर्वांत दाट प्रतीत इतका मध असतो की एकदम घातला तर खमीर कामच करणार नाही. मग ते उरलेला मध आंबवणीच्या अखेरच्या टप्प्यात घालतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्यांनीही हेच ठरवलं की गोडी शेवटी. गिऱ्हाइकाला बाटलीवरचं नाव वाचूनच गोडी कळते. आपल्या तांदळाला, गुळाला, मधाला अशी नेमकी प्रतवारी कधी येणार, हा वेगळा पण विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

इथिओपियातलं मधाचं पेय 'तेज' म्हणून ओळखलं जातं. त्यात गेशो नावाच्या झुडपाची पाने आणि काड्या घालतात. त्यांचा कडवटपणा मधाच्या गोडीला आवर घालतो. पेलाही खास, गोल पोटाचा आणि निमुळत्या मानेचा. तिथे ज्यांना मद्य नको त्यांच्यासाठी मधपाण्याचं न आंबवलेलं पेयही असतं, त्याला 'बिर्झ' म्हणतात. ज्याची जशी इच्छा तसा पेला.

आपल्याकडेही आंबवण्याची विद्या परकी नाही. आयुर्वेदातली आसवे आणि अरिष्टे कशी होतात? काढा किंवा रस, त्यात गूळ नाहीतर मध, आणि आंबवण लागण्यासाठी धायटीची फुले. भांड्याचं तोंड बंद करून मुरायला ठेवायचं. द्राक्षासवाची बाटली घरोघरी असते. पण ती औषध म्हणून, औषधाच्या परवान्याखाली तयार होते, ही गोष्ट विसरू नये.

कायदा काय सांगतो

इथे तरुण मित्रांचा गैरसमज होतो. परदेशातल्या चित्रफितीत माणूस स्वयंपाकघरात मीड करताना दिसतो, कारण त्याच्या देशात तशी मुभा आहे. अमेरिकेत दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन वाइन स्वतःसाठी करता येते, मात्र विकता येत नाही. ब्रिटनने घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. पूर्वी तो मुंबई दारूबंदी कायदा होता, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. मोहाची असो, गुळाची असो की मधाची, आणि विकायला असो की घरच्या पाव्हण्यांसाठी. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. 'मधाची आहे, नैसर्गिक आहे' हे सांगून राज्य उत्पादन शुल्क विभागाचा निरीक्षक परत जाणार नाही.

कायदा कडक का आहे, हेही आपण मान्य केलं पाहिजे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. तिथे मिथेनॉल हे औद्योगिक विष होतं. नुसतं मध-पाणी आंबवण्याचा आणि त्याचा संबंध नाही. पण बेकायदा धंदा एकदा अंधारात गेला की बाटलीत काय आहे हे कुणालाच कळत नाही. शिवाय दारूने मोडलेलं एखादं घर नाही असं गाव दाखवा. गावोगावच्या बायांनी मतदान घेऊन बाटली आडवी केली ती हौस म्हणून नव्हे. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी विसरून इथे कुणी मधाच्या वाइनचं गुणगान करू नये. आम्हीही करत नाही.

मग मधपाळाने काय करायचं?

तरीसुद्धा एक प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तो पोटाचा आहे. घाटमाथ्यावर सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्याच्या हाती सगळाच मध उत्तम प्रतीचा येत नाही. हवा दमट, पाऊस लवकर, मध पातळ. ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रावर तो नाकारला जातो, नाहीतर पडत्या भावाने जातो. मीडसाठी मधात पाणी घालायचंच असतं. मग तो पातळ पण ताजा, स्वच्छ मध वाया का जावा? पुण्यात आणि नाशकात परवाना घेऊन मीड करणारे उद्योग उभे राहिले आहेत. म्हणजे कायद्याच्या चौकटीत हे होऊ शकतं. पण इमारत, प्रयोगशाळा आणि भांडवल हे सगळं दहा पेट्यांच्या मधपाळाला झेपणारं नाही.

द्राक्षाच्या बाबतीत राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिक भागात वायनरी उभ्या राहिल्या. शेजारी गोव्यात काजूच्या बोंडाची भट्टी परवान्याने लागते. तिथल्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मग महाबळेश्वरजवळच्या मांघरसारख्या गावाने, ज्याला २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला, तिथल्या मधपाळांनी आपला मध फक्त बाटलीत भरूनच विकावा का? आमचं म्हणणं घरोघर भट्ट्या लावा असं मुळीच नाही. मधपाळांच्या सहकारी संस्थेला किंवा उत्पादक कंपनीला झेपेल एवढ्या शुल्कात, छोट्या क्षमतेचा एक सामाईक परवाना मिळावा. तो ग्रामसभेच्या संमतीने, दारूबंदीचे जिल्हे वगळून, तपासणीसह असावा. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला हे सर्वांना आठवत असेल. त्या भांडणात दुकानदारावर बोललं गेलं, कारखान्यावर बोललं गेलं. पिकवणाऱ्याचं नाव शेवटी आलं. या वेळी ते आधी यावं.

तोपर्यंत तुम्ही काय कराल? मधपाळांनो, पोळ्याची निदान पाऊण घरे मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नका. संस्थेने एक रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. दोन थेंबांत ओलावा कळतो आणि खरेदीच्या वेळी होणारा वाद मिटतो. पातळ मध वेगळा ठेवा, चांगल्यात मिसळू नका. एका बरणीपायी सगळा डबा आंबेल. हौस असेल तर लिंबू-आल्याचं मधपाणी करून बघा आणि चार पेल्यांची परीक्षा त्यावर घ्या. पण तेही ताजं प्यायचं, बूच मारून ठेवायचं नाही. गोडीचा हिशेब तोच आहे, आणि कुठला कायदाही मोडत नाही. उद्या संस्थेला परवाना मिळाला तर ही तयार जीभ कामाला येईल.

सरपंच आणि पोलीस पाटील मंडळींना एक विनंती. एखाद्या पोराने कुतूहलापोटी बरणी लावली असं कानावर आलं, तर कागद रंगवण्याआधी त्याला बोलावून घ्या. बाटली कशी फुटते आणि कायदा काय म्हणतो हे दोन्ही सांगा. समजावून न ऐकणाऱ्याची आणि विकायला बसणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे गय नको. पण शिकू पाहणाऱ्या पोराला हातभट्टीवाल्याच्या रांगेत उभं करू नका. त्याचं कुतूहल संस्थेकडे वळवा.

शेवटी गोष्ट पुन्हा चहावर येते. कुणाला किती गोड लागतं हे ज्याचं त्याने ठरवावं, त्यात सरकारने पडू नये आणि शेजाऱ्यानेही. मात्र साखर घालण्याआधी पातेलं चुलीवरून उतरलेलं असावं लागतं. इथे तर आधी परवाना, मग आंबवण, मग खमिराला कुलूप, आणि सर्वांत शेवटी मधाचा चमचा. हा क्रम ज्याने उलटा केला, त्याच्या हाती गोडी लागणार नाही. फुटक्या काचा किंवा कोर्टाची तारीख मात्र लागेल.